डिझेल जहाजाची बेताची चाल

इ. स. १९१२ च्या जानेवारी महिन्यांत जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं एका मोठ्या कारखान्याच्या चांचणीगृहांत भयंकर स्फोट झाला आणि दहा माणसें प्राणांस मुकलीं. तेथें उभारलेलें एंजिन डिझेल पद्धतीचें होतें. 'प्रिन्झरेजेंट लुइटपोल्ड' या जर्मन युद्धनौकेचा मधला पंखा फिरविण्यासाठीं तें तयार होत होतें. आणि सहा सिलिंडरांतून बारा हजार अश्वशक्ति, म्हणजे एकेका सिलिंडरांतून दोन हजार अश्वशक्ति काढण्याचा कारखान्याचा व आरमाराचा संकल्प होता. पुढच्याच महिन्यांत, २२ फेब्रुवारीस, डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथून 'सेलांडिया' नांवाचें एक मालवाहू जहाज सयामच्या वाटेला लागलें. त्याच्याहि पोटांत डिझेल एंजिनेंच होतीं. परंतु या दोन एंजिनांचे मिळून सोळा सिलिंडर होते आणि त्या सोळांकडून मागणी होती ती अवघ्या अडीच हजार अश्वशक्तीची. हिशेब केला तर एका सिलिंडराच्या वांट्याला दीडशेंहून थोडी अधिक.

न्यूरेंबर्गचें एंजिन त्या युद्धनौकेंत कधींच बसलें नाहीं. चांचण्या आणखी पांच वर्षें चालल्या. १९१७ सालीं तें अखेर सलग पांच दिवस चालून दाखवूं शकलें. पण तोंवर युद्धनौका मधल्या पंख्यावांचून, वाफेवर चालणाऱ्या दोनच पंख्यांच्या बळावर, समुद्रांत वावरूं लागून वर्षें लोटलीं होतीं. सेलांडिया मात्र बँकॉक गांठून, सुमारें बावीस हजार मैलांचा प्रवास करून, त्याच वर्षीं जूनच्या अखेरीस सुखरूप घरीं परतलें.

या दोन हकीकती शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणजे जर्मन उतावळे आणि डॅनिश शहाणे असा निकाल देण्याचा मोह होतो; पण तो निकाल न्यायाचा होणार नाहीं. युद्धनौकेला शत्रूचा पाठलाग करावयाचा असतो, नाहीं तर त्याच्या तोफांच्या टप्प्यांतून निसटावयाचें असतें. कांहीं तासांपुरती कां होईना, तिला पराकाष्ठेची शक्ति हवी असते. मालवाहू जहाजाचें जिणें निराळें. बंदर सुटलें कीं वीस-वीस, तीस-तीस दिवस अहोरात्र एकाच चालीनें चालावयाचें. वाटेंत ना कारखाना ना गोदी. आणि एंजिन बंद पडलें तर वारा व लाटा नेतील तिकडे जावयाचें. म्हणून येथें 'एंजिन जास्तींत जास्त किती जोरानें चालेल?' हा प्रश्न दुय्यम ठरतो. 'कोणत्या चालीवर तें महिनोन्महिने निर्धास्तपणें चालेल?' हा खरा प्रश्न. याचें उत्तर एंजिनावर ठोकलेल्या पितळी पाटीवर लिहिलेलें असतें असा पुष्कळांचा समज आहे. वास्तविक तें उत्तर मिळविण्यास शंभर वर्षें लागलीं. आरंभीं वाटलें कीं धोका काय तो वरच्या टोंकाला आहे. मग तो मध्येंच कोठें तरी, कोणाला शंका येणार नाहीं अशा जागीं, दडून बसलेला आढळला. आणि अगदीं सावकाश चालण्यांतहि एक निराळा धोका आहे, हें तर पुष्कळच उशीरा ध्यानांत आलें.

वाफेच्या यंत्राचा स्वभाव कांहींसा सोशिक असतो. विस्तव एकीकडे, बॉयलरखालीं. काम दुसरीकडे, सिलिंडरांत. बॉयलरला वाफ पुरेशी झाली नाहीं कीं यंत्र आपोआप मंदावतें, आणि वाफ अधिक झाली कीं सुरक्षा-झडप फुसकारते. डिझेलच्या एंजिनांत विस्तव आणि काम यांचें ठिकाण एकच. सिलिंडरांत कोंडलेली हवा दट्ट्यानें इतकी दाबली जाते कीं दाबानेंच ती तापून लाल होण्याजोगी होते. त्या तप्त हवेंत तेलाचा फवारा सोडला कीं ठिणगीवांचून तो पेट घेतो. रुडॉल्फ डिझेल या जर्मन एंजिनिअरनें १८९२ सालीं या कल्पनेच्या पेटंटासाठीं अर्ज केला आणि १८९७ सालीं औग्सबर्ग येथें त्याचें एंजिन परीक्षेस उतरलें. जळलेल्या तेलाच्या उष्णतेपैकीं शेंकडा २६ हून थोडा अधिक भाग त्यानें कामीं लावला. सामान्य वाफेच्या यंत्रांना त्या काळीं याच्या निम्मेंहि साधत नसे. एवढी काटकसर पाहून जहाजमालकांचे डोळे त्याकडे वळले नसते तरच नवल. परंतु काटकसरीबरोबर एक जोखीमहि आली. दर स्फोटाची आंच दट्ट्याच्या माथ्यावर आणि सिलिंडराच्या झांकणावर प्रत्यक्ष बसते, आणि तेल वाढवावें तितकी ती वाढते. अधिक मागितलें तर हें एंजिन नाहीं म्हणत नाहीं. निमूटपणें देतें, आणि मग एके दिवशीं तडकतें.

समुद्रावर येण्यापूर्वीं त्याला आणखी एक अडचण होती: त्याला उलटें फिरतां येत नसे. १९०३ सालीं व्होल्गा नदीवर नोबेल बंधूंच्या 'वंडाल' या तेलवाहू नौकेंत डिझेल एंजिनांनीं वीज निर्माण करून तिच्यावर पंखे फिरविण्याची युक्ति योजली गेली ती याचमुळें. उलटी फिरणारीं एंजिनें पुढें लवकरच निघालीं. १९१० सालीं 'व्हुल्कानस' हें डच तेलवाहू जहाज डिझेलवर समुद्रांत गेलें. तरी महासागर ओलांडणारें मोठें मालवाहू जहाज म्हणून जगाचें लक्ष वेधून घेतलें तें सेलांडियानेंच. ईस्ट एशियाटिक कंपनीचा प्रमुख अँडरसन यानें तें मागविलें, आणि बुर्मायस्टर व वाइन या कारखान्यांत ईव्हार क्नुडसेन या एंजिनिअरच्या देखरेखीखालीं त्याचीं एंजिनें घडलीं. लंडनच्या बंदरांत तें थांबलें तेव्हां ब्रिटिश आरमारखात्याचे तत्कालीन प्रमुख विन्स्टन चर्चिल तें पहावयास गेले. पाहणारांना चुकल्यासारखें वाटे, कारण जहाजाला धुराडेंच नव्हतें. एंजिनांतील जळका वायु डोलकाठीच्या पोकळींतून वर जाई. एंजिनांचे फेरे मिनिटास १४० आणि जहाजाची चाल ताशीं सुमारें १२ नॉट, म्हणजे १२ सागरी मैल. यांत दिपून जावें असें कांहीं नव्हतें. प्रवासी आगबोटी त्या काळीं याच्या दुप्पट वेगानें अटलांटिक ओलांडीत होत्या. न दिपविण्याचा हा निर्णयच सेलांडियाच्या यशाचें मुख्य कारण म्हणावें लागेल.

जहाजाची चाल आणि एंजिनावरचा भार यांचें नातें सरळ असतें असें प्रथमदर्शनीं वाटतें. बैलगाडी दुप्पट अंतर गेली तर बैलांना दुप्पट कष्ट, हा घरगुती हिशेब पाण्यावर लागू पडत नाहीं. विल्यम फ्राउड या इंग्रज एंजिनिअरनें इ. स. १८७० नंतरच्या वर्षांत टॉर्की येथें लांबट हौद बांधून त्यांत जहाजांच्या लहान प्रतिकृति ओढून पाहिल्या आणि पाण्याचा अडथळा मोजण्याचें शास्त्र उभें केलें. नेहमींच्या चालीच्या आसपास एंजिनाला लागणारी शक्ति स्थूलमानानें वेगाच्या घनाच्या प्रमाणांत वाढते, असा नियम जहाजावर वापरतात. त्याचा अर्थ असा कीं, १२ नॉटला अडीच हजार अश्वशक्ति पुरत असेल तर १३ नॉटला सुमारें ३,१८० लागेल. एका नॉटासाठीं सव्वापटीहून अधिक! उलट चाल १० नॉटवर आणली तर साडेचौदाशेंच्या आसपास भागतें. प्रवास एक पंचमांशानें लांबतो, पण दर मैलामागें तेल जवळजवळ शेंकडा ३० वांचतें. जहाजाच्या वेगांतला शेवटचा नॉट हा सर्वांत महाग असतो तो या घनाच्या नियमामुळें, आणि एंजिनाचा घात करणाराहि बहुधा तोच असतो.

पहिल्या पिढीच्या डिझेल जहाजांवर झांकणांना चिरा जाणें आणि दट्ट्यांचे माथे फुटणें ही परिचित दुखणीं होतीं. त्यांतून जी शिस्त निर्माण झाली ती आजहि मूलतः तशीच आहे. कारखाना एंजिनाला सतत चालण्याची एक कमाल शक्ति ठरवून देतो. जहाजाची नेहमींची चाल मात्र तिच्या शेंकडा ८५ ते ९० एवढ्याच शक्तीवर बेतलेली असते. शिवाय पंखा निवडतांनाच समुद्राच्या खोडीसाठीं शेंकडा १५ च्या आसपास वेगळी शिल्लक धरतात. ही शिल्लक जहाजमालकाला उधळपट्टी वाटते. नव्या कोऱ्या जहाजाच्या चांचणीच्या दिवशीं, शांत समुद्रावर, ती खरोखरच अनावश्यक दिसते. पण उष्ण समुद्रांत जहाज कांहीं आठवडे बंदरांत पडून राहिलें कीं त्याच्या तळाला शेवाळ धरतें आणि कवचाचे बारीक जीव हजारोंनीं चिकटतात. गुळगुळीत पत्रा खरखरीत होतो. पंखा तेवढेच फेरे फिरवावयाचा तर एंजिनाला अधिक तेल जाळावें लागतें. फेऱ्यांचें घड्याळ पूर्वींचाच आंकडा दाखवीत असतें, आणि सिलिंडरांत मात्र आंच वाढलेली असते.

म्हणूनच जुने जाणते एंजिनिअर फेऱ्यांच्या आंकड्यावर विसंबून राहत नाहींत. ते प्रत्येक सिलिंडरांतून बाहेर पडणाऱ्या वायूचें उष्णतामान पाहतात. घरांतलें मूल खेळत असलें तरी आई त्याच्या कपाळाला हात लावून पाहते, तशांतलाच हा प्रकार. सगळ्या सिलिंडरांचें उष्णतामान चढलें असेल तर भार अधिक आहे. एकाचेंच चढलें असेल तर त्या एकाचें दुखणें निराळें आहे. अशा वेळीं सांगितलेले फेरे सोडून चाल कमी करणें हाच शहाणपणा. पण येथें एंजिनखोली आणि वरचा कारभार यांचा खटका उडतो. माल नेण्याच्या करारांत चांगल्या हवेंत अमुक नॉट चाल देण्याचा शब्द दिलेला असतो. ती न दिल्यास मालवाले नुकसानभरपाई मागतात. कप्तानाला बंदराची भरती गांठावयाची असते. मुख्य एंजिनिअर बिचारा खालीं उष्णतामापकांच्या रांगेपुढें उभा असतो, आणि एंजिन फुटलें तर प्रथम त्यालाच विचारतात. बेताची चाल ठरविणें हा नुसता यंत्रशास्त्राचा प्रश्न नव्हे, ती एक रोजची वाटाघाट आहे, हें जहाजाच्या बाहेरच्या मंडळींच्या सहसा लक्षांत येत नाहीं.

येथवर जो धोका पाहिला तो निदान समजण्यासारखा आहे: जास्त ताणाल तर तुटेल. परंतु गेल्या शतकाच्या आरंभीं एंजिनिअरांना बुचकळ्यांत टाकलें तें निराळ्याच प्रकारच्या मोडतोडीनें. पुरेसे जाड, उत्तम पोलादाचे, हिशेबानें कितीतरी अधिक भार सोसूं शकतील असे पंख्याचे दांडे भर समुद्रांत तुटत. आणि तेंहि जहाज पुऱ्या वेगानें चाललें नसतांना. याचा उलगडा हँबर्गच्या ब्लोम व फॉस या जहाजकारखान्यांतील हेर्मान फ्राम या एंजिनिअरनें केला. एंजिनापासून पंख्यापर्यंत जाणारा लांबलचक दांडा डोळ्यांना एकसंध लोखंडी खांबासारखा दिसतो. फ्रामनें चालत्या आगबोटींवर त्याच्या दोन दूरच्या जागांचें फिरणें एकाच वेळीं नोंदवून पाहिलें. तीं दोन फिरणीं जुळत नव्हतीं. दांड्याचें एक टोंक पुढें जाई, दुसरें मागें राही. क्षणांत उलटें होई. ओलें धोतर पिळावें, सोडावें आणि उलट्या दिशेनें पुन्हा पिळावें, तसा तो पोलादी दांडा मिनिटांत शेंकडों वेळां पिळला जात होता. १९०२ सालीं त्यानें हें संशोधन प्रसिद्ध केलें.

याचें वर्म लयींत आहे. झोपाळ्याला स्वतःची एक लय असते. त्याच लयींत बोटानें जरी ढकलीत राहिलें तरी तो उंच चढतो, आणि लय चुकवून कितीहि जोर केला तरी चढत नाहीं. एका टोंकाला जड पंखा आणि दुसऱ्या टोंकाला एंजिनाचे फिरते भाग, अशा दांड्यालाहि पिळण्याची स्वतःची लय असते. समजा, ती लय मिनिटास ३६० आंदोलनांची आहे आणि एंजिनाच्या दर फेऱ्यांत सहा स्फोट होतात. मग मिनिटास बरोबर ६० फेऱ्यांवर स्फोटांची लय दांड्याच्या लयीला मिळते, आणि दर धक्क्यासरशीं पीळ वाढत जातो. ५० वर कांहीं नाहीं, ७० वर कांहीं नाहीं. ६० वर सत्यानाश. वाफेच्या यंत्राचा रेटा त्या मानानें सौम्य असतो. डिझेलचा प्रत्येक स्फोट म्हणजे घणाचा घाव. म्हणून हें दुखणें डिझेल जहाजांना अधिक बाधलें.

त्यांतून हा घात तात्काळ उघड होत नाहीं. पोलाद एकदां वांकविल्यानें तुटत नाहीं, पण लक्षावधि वेळां थोडें थोडें वांकविल्यानें थकतें, हें ऑगस्ट व्होलर या जर्मन एंजिनिअरनें आगगाडीच्या आंसांवर प्रयोग करून पूर्वींच दाखविलें होतें. वरच्या उदाहरणांतील दांडा दिवसाला पांच लाखांहून अधिक वेळां पिळला जाईल, वीस दिवसांत कोटीहून अधिक वेळां. नव्या जहाजाची चांचणी चालते कांहीं तास. तेवढ्यांत दांड्याला लाख-सव्वा लाख पीळ बसले तरी तो हूं कीं चूं करीत नाहीं. मालक समाधानानें सही करतात आणि जहाज ताब्यांत घेतात. दांडा तुटतो तो पुढें केव्हां तरी, मध्य समुद्रांत.

या अज्ञानाची किंमत आरमारांनींहि मोजली. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकन आरमाराला आपल्या युद्धनौकांच्या ताफ्याबरोबर धांवूं शकतील अशा पाणबुड्या हव्या होत्या. पाण्यावर ताशीं २० नॉट चाल पाहिजे, अशी अट होती. एवढ्या शक्तीचें एकच भरंवशाचें डिझेल एंजिन हाताशीं नव्हतें. तेव्हां एकेका दांड्यावर दोन-दोन एंजिनें एकामागें एक जोडून चार एंजिनांनीं काम भागविण्याचें ठरलें. कागदावर बेरीज बिनचूक होती. प्रत्यक्षांत एंजिनांची ती लांबलचक रांग आपल्याच लयींत पिळूं लागली. वर्गांतील तीनहि पाणबुड्यांना या कंपनांनीं इतकें छळलें कीं, १९२० नंतर सेवेंत दाखल झालेल्या या नौका १९२२-२३ मध्यें सेवेंतून काढाव्या लागल्या. वीस नॉटांचा हट्ट धरतांना शक्तीची बेरीज केली गेली, पण दोन एंजिनें एका दांड्यावर जोडल्यानें दांड्याची लय बदलेल, याची दखल घेतली गेली नाहीं, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं.

सुदैवानें त्याच काळांत या अदृश्य पिळाला हातीं धरण्याचीं साधनें तयार झालीं. जर्मनींत गायगर यानें पिळाचीं आंदोलनें कागदावर उमटविणारें उपकरण बनविलें. आणि १९२१ सालीं हाइन्रिख होल्त्सर याच्या पुस्तकानें तीं आधींच गणितानें काढण्याची रीत सर्वांच्या हातीं दिली. या रीतींत पंखा, गतिचक्र व प्रत्येक सिलिंडर यांना एका दांड्यावर ओंवलेल्या चकत्या समजून ओळीनें आंकडे मांडीत जावयाचें असतें. पुढें कित्येक वर्षें एंजिनकारखान्यांतील तरुण हिशेबनीस हींच कोष्टकें भरीत बसत. दांडा बनण्यापूर्वींच त्याची लय कळूं लागली. दांडा जाड-बारीक करून किंवा त्याच्या टोंकाला आंदोलनें गिळणारें चाक बसवून ती बाजूला सारतां येऊं लागली. जेथें ती सारणें शक्य नसतें तेथें उपाय अगदीं साधा असतो. फेऱ्यांच्या घड्याळावर तांबडा पट्टा रंगवितात. त्या पट्ट्याच्या अलीकडे चालावें, पलीकडे चालावें. आंत मुक्काम करूं नये. बंदर सोडतांना वेग वाढवावयाचा झाला तर तेवढा भाग झपाट्यानें ओलांडावा. जाणकार नसलेला मनुष्य तो पट्टा पाहून गोंधळतो, कारण तो वरच्या टोंकाला नसून पुष्कळदां घड्याळाच्या मध्यावर असतो. आणि त्याच्यापेक्षां अधिक वेग सुरक्षित व त्याच्यापेक्षां कमी वेगहि सुरक्षित, हें त्याच्या मनाला पटत नाहीं.

आतां राहिलें खालचें टोंक. ज्याला घाई नाहीं त्यानें अगदीं सावकाश चालावें, म्हणजे तरी एंजिन सुखी राहील, असें कोणालाहि वाटेल. दुसऱ्या महायुद्धानंतर एक नवी गोष्ट घडली. १९४६ च्या सुमारास जॉन लँब या ब्रिटिश एंजिनिअरनें 'ऑरिक्युला' या तेलवाहू जहाजावर, जें दाट काळें तेल तोंवर बॉयलरखालीं जाळीत, तेंच तापवून व गाळून मोठ्या डिझेल एंजिनांत जाळून दाखविलें. स्वस्ताई इतकी होती कीं थोड्याच वर्षांत हीच रीत रूढ झाली. परंतु या तेलांत गंधक पुष्कळ. तें जळून जो वायु होतो त्याचें पाण्याच्या वाफेशीं मिश्रण होतें, आणि सिलिंडराची भिंत पुरेशी गरम नसेल तर तिच्यावर गंधकाम्लाचे थेंब दंव पडावें तसे जमतात. १९५० नंतरच्या दशकांत अम्ल मारणारीं क्षारयुक्त वंगणें निघालीं आणि हा जांच पुष्कळ कमी झाला. तरी मंद चालीनें भिंती थंड पडल्या कीं तो पुन्हा डोकें वर काढतो. वर मंद आंचेंत तेल अर्धवट जळतें, काजळी धरते, आणि हवा कोंबणाऱ्या टर्बोचार्जरपासून धुराच्या वाटेपर्यंत ती सांचत जाते. सांचलेली काजळी एखाद्या दिवशीं पेट घेते. ओल्या लांकडाची चूल फुंकणाऱ्या गृहिणीला यांतलें तत्त्व निराळें समजावून सांगण्याचें कारण नाहीं.

म्हणून पिढ्यान् पिढ्या एंजिनिअरांना शिकविलें जाई कीं, निम्म्याच्या आसपास शक्तीखालीं एंजिन फार काळ चालवूं नये. हा दंडक मोडला तो तेलाच्या भावानें. १९७३-७४ सालीं तेल जवळजवळ चौपट महाग झालें आणि जहाजमालकांना फ्राउडच्या घनाची आठवण झाली. त्या लाटेपेक्षां मोठी लाट २००७-०८ नंतर आली. तोंवर पेट्यांतून माल नेणारीं अवाढव्य जहाजें निघालीं होतीं. २००६ सालच्या 'एमा मर्स्क' जहाजाचें एकटें चौदा सिलिंडरांचें एंजिन मिनिटास १०२ फेऱ्यांवर ८०,००० किलोवॅट शक्ति देई. सेलांडियाच्या दोन एंजिनांच्या ती चाळीसपटीहूनहि अधिक भरते. महाग तेल आणि मंदावलेला व्यापार यांच्या कात्रींत सांपडल्यावर त्या जहाजाच्या डॅनिश मालकांनीं आपल्या शंभरांहून अधिक जहाजांवर पाहणी करून असें दाखविलें कीं, एंजिन शेंकडा १० शक्तीवर चालविणेंहि शक्य आहे. मात्र यासाठीं तेलाचे फवारे बदलावे लागतात, वंगणाचें प्रमाण जपावें लागतें, आणि काजळी झाडण्यासाठीं मधून मधून एंजिनाला कांहीं वेळ जोरानें पळवावें लागतें. केवळ हात आंखडला म्हणजे सुरक्षितता मिळाली असें येथेंहि झालें नाहीं.

एका नव्या अडचणीनें तर वरच्या साऱ्या हकीकतींची गांठच मारून टाकली आहे. तेल वांचविण्यासाठीं हल्लीं पांच-सहाच सिलिंडरांचीं, लांब धांवेचीं, संथ फिरणारीं एंजिनें बसवितात आणि त्यांना मोठे पंखे जोडतात. अशा एंजिनांत तो तांबडा पट्टा नेहमींच्या चालीच्या बराच जवळ येतो. आणि शक्ति मुळांत हात राखून दिलेली असल्यामुळें तो झपाट्यानें ओलांडण्यास जोर अपुरा पडूं शकतो. काटकसरीनें जें एका बाजूला वांचविलें तें दुसऱ्या बाजूला दांड्याच्या थकव्यांत मोजावें लागण्याची भीति असते, आणि जहाज रेखाटणारांना या दोन्हींचा मेळ घालावा लागतो.

आतां चाल ठरविण्यांत कायद्यानेंहि भाग घेतला आहे. १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या तेलांतील गंधकाची मर्यादा शेंकडा साडेतीनवरून अर्ध्यावर आली. १ जानेवारी २०२३ पासून लंडनस्थित आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या नियमानुसार जुन्या जहाजांनाहि वायूच्या उत्सर्जनाचा हिशेब द्यावा लागतो. आणि तो जमविण्याचा पुष्कळांनीं पत्करलेला सोपा मार्ग म्हणजे एंजिनाच्या कमाल शक्तीवरच अडसर घालून त्यावर मोहोर लावणें. सेलांडियाच्या एंजिनांवर जो संयम त्यांच्या कर्त्यांनीं स्वखुषीनें घातला होता, तो आतां बाहेरून घातला जातो. यांतहि एक पेंच आहे. समुद्राच्या खोडीसाठीं जी शिल्लक पूर्वीं मुख्य एंजिनिअरच्या हातांत असे, ती आतां मोहोरेच्या पलीकडे गेली. वादळांत वाऱ्याच्या तोंडीं सांपडून जहाज खडकाळ किनाऱ्याकडे लोटलें जात असेल, तर तीच शिल्लक कप्तानाला हवी असते. म्हणून नियम करणारांनीं एक दार उघडें ठेवलें आहे: जहाज किंवा माणसें संकटांत असतील तर मोहोर तोडून पुरी शक्ति वापरण्याची कप्तानाला मुभा आहे. मात्र त्या वेळीं जहाज कोठें होतें, वारा किती होता, लाटा केवढ्या उंच होत्या, मोहोर कोणत्या कारणानें आणि किती वाजतां तोडली, हें सारें नोंदवहींत लिहून वरिष्ठांना कळवावें लागतें.